दुखण्याची आगाऊ वर्दी

"राजेसाहेब, हा नियम माणसं मारील!" असं मी भर दरबारात ओरडले, आणि एकाचाही माझ्यावर विश्वास बसला नाही. बसणार कसा? सहा महिन्यांपूर्वी त्याच जागी उभी राहून त्याच नियमासाठी मीच घसा फोडला होता!

त्याचं असं झालं. आमच्या हिंगणगड संस्थानात सुगीला घरटी पायलीभर जोंधळा सरकारी कोठारात घालायचा आणि वर्षभर दवाखान्यात फुकट औषध घ्यायचं. आजारविमा म्हणायचे त्याला. मी त्याच दवाखान्यात औषधं कुटते. माझ्या डोळ्यांदेखत धडधाकट माणसं कण्हत यायची आणि मोरावळा चाटून शीळ घालत जायची! मी चिडले. चार इयत्ता शिकलेली बाई चिडली की भाषण करते. "कडक नियम करा! आजारी पडायच्या आधी वर्दी द्यायला लावा!" काय बोलतेय ते माझं मलाच कळत नव्हतं, पण टाळ्या जोरात पडल्या. दिवाण त्र्यंबकरावांनी लगेच लिहून काढलं : दुखणं येण्याच्या तीन दिवस आधी कचेरीत अर्ज देऊन शिक्का घ्यावा. शिक्का नाही त्याला वैद्य नाही, सुईण नाही.

आणि आता माझी लेक येसू बाळंतपणाला माहेरी आलेली. पहिल्या खेपेला मूल आडवं आलं होतं. वैद्य धावत आला म्हणून दोघं वाचली. या खेपेला त्याला धावायची मनाई!

"काय गं धुरपदे," राजेसाहेब म्हणाले, "तेव्हा गोड लागला तो नियम आज कडू?"

"सरकार, नियम उत्तम आहे," दिवाण म्हणाले. "दवाखान्यातली गर्दी संपली!"

"गर्दी घरी कण्हत पडलीय! बोलवा कुणालाही साक्षीला!"

"आजारी माणूस फुकट औषधासाठी खोटं बोलतो. धडधाकट माणसाला दुखण्यातलं काही कळत नाही. तेव्हा बाई, जो आजारीही नाही आणि धडधाकटही नाही, असा साक्षीदार आण!"

राजेसाहेबांना ते फारच आवडलं. "दिवस मावळायच्या आत आण! नाही आणलास तर नियम कायम, आणि दरबारात तुझं तोंड उघडणं बंद!"

"मग राहू दे की नियम!" मागून कुणीतरी म्हणालं. हसले मेले सगळे.

मी बाजार पालथा घातला. एक पहिलवान शिंकताना दिसला. "दादा, तू अर्धा आजारी ना रे?" तर तो मांडी थोपटून उभा राहिला! रडवेली होऊन घरी आले. येसू सोप्यात शेंगा सोलत बसली होती. तोंड उतरलेलं.

"बरं नाही का गं तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग ऊठ, पाणी दे."

"आधी हात दे. एकटीला उठवत नाही."

मी कपाळावर हात मारला. गावभर उन्हात तंगडतोड केली आणि साक्षीदार माझ्याच सोप्यात! आणि म्हणे मी हुशार बाई!

येसूला बैलगाडीत घालून दरबारात नेली. दिवाणांनी नाक वर करून विचारलं, "आजारी आहेस?"

"आजारी कशानं? दोन भाकऱ्या खाऊन आलेय."

"म्हणजे धडधाकट!"

"धडधाकट असते तर बसायला पाट मागितला असता का?"

राजेसाहेब पुढे सरकले. मी म्हणाले, "दिवाणसाहेब, तीन दिवस आधी अर्ज द्यायचा ना? मग हिचा दिवस कोणता ते सांगा, आत्ता लिहून देते!"

"तो... तो तिनंच सांगायचा!"

"माझ्या हातात आहे होय?" येसू म्हणाली. "पोटातल्याला विचारा. तो काही कचेरीची वेळ बघून येणार नाही!"

दरबार खदखदून हसला. राजेसाहेब मात्र हसले नाहीत. "धुरपदे, नियम काढला तर फुकटे परत येतील. त्यांचं काय?"

प्रश्न खरा होता. नियम मागताना मला हाच प्रश्न पडला होता, फक्त तेव्हा मी डोकं वापरलं नव्हतं.

"सरकार, जो येईल त्याला दारातच पेलाभर काडेचिराइताचा काढा पाजा. मी स्वतः कुटते, त्याची कडू चव तीन दिवस जिभेवरून जात नाही. दुखणारा गटागटा पिईल. फुकट्या उंबऱ्यावरूनच बरा होऊन पळेल! आणि बाळंतिणीला कुणी काही विचारायचं नाही, वैद्यानं धावत सुटायचं!"

राजेसाहेब असे हसले की मंदील कानावर आला! नियम त्याच क्षणी रद्द. वैद्यबुवांचा मुक्काम बाळंतपण होईपर्यंत आमच्या सोप्यात, आणि मला जरीकाठी लुगडं.

राहिला कागद. रद्द केलेल्या नियमाखाली दोष कुणाचा ते लिहायची आमच्याकडे रीत आहे. राजेसाहेब म्हणाले, "आम्ही न वाचताच सही केली." दिवाण म्हणाले, "आम्हांला सांगितलं तेवढंच आम्ही लिहिलं." मग सगळा दरबार माझ्याकडे बघायला लागला. मी लुगडं काखेत मारलं, टाक हातात घेतला आणि माझ्या चौथीच्या अक्षरात, ठळक, लिहिलं : धुरपदा.