बाराच्या भोंग्याआधी

“मग पोरीला घेऊन माहेरी जाऊ की नको, तेवढं सांगा भंते.”

भंते पुढ्यातलं रिकामं भिक्षापात्र फडक्यानं पुसत राहिले.

आमच्या वस्तीच्या टोकाला हा विहार आहे. एक खोली, वर पत्रे, आत बुद्धमूर्ती. म्हातारे भंते एकटेच राहतात. रोज वस्तीतलं एक घर त्यांना भोजनदान देतं. त्या दिवशी आमची पाळी होती. भाकरी, चवळीच्या शेंगा, वरण आणि शेवयांची खीर असा डबा मी नेला होता.

भंतेंचं जेवण बाराच्या आत. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा बाराचा भोंगा झाला की दुसऱ्या दिवशीपर्यंत ते अन्नाला शिवत नाहीत. आणि कोणी हातानं दिल्याशिवाय स्वतः उचलूनही घेत नाहीत. हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे.

यशूचे बाबा बाहेर चपलांपाशी उभे होते, हात मागे बांधून. यशू, आमची पोर, पायरीवर खडे मांडत होती.

यशूचे बाबा थंडीत जेलमधून सुटून आले. आता ऊन तापायला लागलं होतं. वस्तीतल्या एका मारामारीत समोरच्या माणसाचा हात कायमचा निकामी झाला, त्यात त्यांना शिक्षा झाली होती. गेले तेव्हा यशू पोटात होती. आले तेव्हा ती अंगणवाडीत जाऊन गाणी म्हणायला शिकली होती.

मी भंतेंना सगळं सांगितलं. मी काय काय करते तेही सांगितलं. सकाळी त्यांचे कपडे काढून ठेवते. ताट वाढून पुढ्यात ठेवते. दार लोटलेलं असलं तर ते नुसते समोर उभे राहतात, कोणी उघडेपर्यंत, म्हणून दारही मीच उघडते. कोणी काही विचारलं तर त्यांच्याऐवजी मी बोलते. शेजारच्या कौशल्याकाकू मला चिडवतात, घरी नवा जावई आणला का म्हणून. चिडवू दे. माझ्याएवढं दुसऱ्या कोणी केलं असतं का, असंही मी भंतेंना म्हणाले.

“नसतं केलं,” भंते म्हणाले.

मला बरं वाटलं.

मग यशूच्या ओठाचं सांगितलं. परवा ते ओट्यावर बसले होते. यशूनं मागून जाऊन त्यांचे डोळे झाकले. खेळच होता तो. पण त्यांनी असा हात झटकला की पोर चौकटीवर आपटली. ओठ फुटला. ती रडायच्या आधी तेच कोपऱ्यात जाऊन बसले, डोक्यावर हात धरून. तेव्हापासून ते तिच्या जवळ जात नाहीत. ती जवळ गेली की उठून बाहेर.

“ते वाईट नाहीत भंते. पण मला भीती वाटते. भाकरी थापते तर कान तिकडे. न्हाणीत जाते तर कान तिकडे.”

“आणि त्याला?”

“त्यांना काय?”

“भीती.”



मी डबा उघडला. भाकरी उचलली तशी भंतेंनी पात्रावर तळहात ठेवला.

“आज सुगतच्या हातून घेईन.”

सुगत म्हणजे यशूचे बाबा. मी लगेच वळून त्यांना हाक मारायला गेले, तर भंतेंनी मानेनं नको म्हटलं. मग ते स्वतःच बोलले. आवाज चढवला नाही. शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं.

“सुगत, आजचं जेवण तुझ्या हातून घ्यावं म्हणतो. डबा इथं माझ्यासमोर आहे. नाही आलास तरी मला राग नाही. दार उघडं आहे, उघडंच राहील.”

त्यांनी भंतेंकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मी नुसती मान हलवली असती तर ते आले असते. एवढंच पाहिजे होतं त्यांना. मी मान हलवणारच होते.

“बाई,” भंते म्हणाले, “सारखी मागे वळतेस. जरा माझ्याकडे तोंड करून बसतेस का?”

“ते माझ्याकडे बघत आहेत भंते. मी सांगितलं की येतील.”

“येईल ना. तू सांगितलंस की येईल.” भंते थांबले. “मग वाढणारी तूच झालीस.”

“यशू मागे आहे.”

“हो.”

“आणि तेही मागे आहेत.”

“हो. वळावंसं वाटलं तर वळ. मी अडवणार नाही.”

मी त्यांच्याकडे तोंड करून बसले. पाठीला कधी कान फुटतात का, मला तेव्हा फुटले. यशूचे खडे वाजत होते. तिच्या बाबांचा आवाजच नव्हता.

भंते बसून राहिले. मी बसून राहिले. पत्रा तापून मधूनच कडकड करत होता.

“बारा होत आले असतील भंते.”

“होतील.”

“तुम्ही उपाशी राहाल.”

“राहीन.”

“वस्तीत मी काय सांगू?”

“भंतेंना भूक नव्हती म्हणून सांग.”

“नाही का भूक?”

“सकाळपासून लागली आहे.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. डब्यातलं वरण निवत होतं. एकदा पायरीवर पाऊल वाजल्यासारखं झालं. मग परत काही नाही…

भोंगा झाला.

मागे धप्प आवाज आला.

तो आवाज मला ओळखीचा आहे. भोंगा झाला, कुठे शिट्टी वाजली, की ते जागच्या जागी उकिडवे बसतात. मान खाली, हात गुडघ्यांवर. जेलमध्ये माणसं मोजताना तसं बसवायचे. घरी असं झालं की मी हातातलं टाकून धावते. दंडाला धरून उठवते, लोकांनी बघू नये म्हणून.

माझे गुडघे चटईवरून उचलले गेले होते. एक हात जमिनीवर टेकलेला. भंते माझ्या खांद्यावरून बाहेर बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मागे काही वाईट होत असतं तर तिथे दिसलं असतं.

मी परत खाली बसले.

“बाबा, काहून असे बसले?” यशूचा आवाज.

तिचे खडे वाजायचे थांबले.

“मी बसू?”

आधी ही पोर कधी विचारत नसे. सरळ अंगावर जाऊन पडायची. ओठ फुटल्यापासून ती विचारायला लागली होती. मला तोवर कळलंच नव्हतं.

भोंगा लांबत लांबत बंद पडला…

“बस,” ते म्हणाले. आवाज घोगरा. मग म्हणाले, “तिकडून नको. समोरून ये. मला दिसशील अशी बस.”

छोट्या चपला फरफटल्या. माझ्या मुठीत चटईची काडी मोडली.

दोघं किती वेळ तसे बसले, मला सांगता येणार नाही. भंतेंनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. मग अनवाणी पावलं वाजली. उंबऱ्याशी थांबली. आत आली. माझ्या बाजूनं दोन हात पुढे आले आणि त्यांनी डब्यातली भाकरी उचलली. मला फक्त हातच दिसले.

भाकरी पात्रावर धरून ते थांबले.

“भोंगा झाला,” ते म्हणाले.

“झाला,” भंते म्हणाले. “आज आता मला चालणार नाही.”

भाकरी डब्यात परत गेली. हात मागे गेले. मान खाली. कोणी काही करेल, मारेल, नाव लिहून घेईल, अशी वाट बघत उभे राहतात तसे ते उभे राहिले.

मी म्हणायला गेले की चूक त्यांची नाही, उशीर माझ्यामुळे झाला. भंतेंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

“सुगत, उद्या किती वाजता येशील?”

ते माझ्याकडे बघत होते. न बघताही मला ते कळत होतं. मी डोळे पात्रावर ठेवले. रिकामं, पुसून लख्ख केलेलं पात्र.



“अकराला,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “नाही, साडेदहाला. पोर संगं चालत येईल म्हटलं तर वेळ लागते.”

“ये,” भंते म्हणाले.

यशूच्या बाबांनी डबा उचलला आणि ते तसेच बाहेर गेले. मागे डब्याची झाकणं वाजली. यशू म्हणाली, खीर पहिले. ते म्हणाले, सांडशील. ती म्हणाली, नाही सांडत. ते म्हणाले, बरं मग, धर दोन्ही हातांनी.

मी ऐकत राहिले. मग एकदम आठवलं की मी कशासाठी आले होते.

“भंते, माझं राहिलंच की. जाऊ की नको माहेरी?”

भंते पात्र फडक्यात गुंडाळत होते. गाठ मारून झाली तेव्हा त्यांनी वर बघितलं.

“बाई,” ते म्हणाले, “केव्हाची त्या दोघांकडे पाठ करून बसली आहेस. एकदाही वळली नाहीस.”