ठशाची पाठ

एकदा कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरणाऱ्या एका वृद्धेचे आणि तिच्या शिष्येचे भांडण ऐन भरात आले असताना व्यापाऱ्याची गाडी दारात येऊन उभी राहिली. भांडण काही थांबले नाही.

"मोबाइल," वृद्धा म्हणत होती, "हे बाईचं नाव की बुवाचं, तेवढं सांग. मग मी गप्प बसते."

"बाई, सकाळपासून तुम्ही तेच विचारताय."

"सकाळपासून तू उत्तर देत नाहीस म्हणून."

शिष्येपुढे सागवानाचे सात नवे ठसे मांडलेले होते. सहा वर्षे तिने या कार्यशाळेत वृद्धेचे ठसे धुतले, त्यांना तेल पाजले, त्यांच्या तुटक्या कडा दुरुस्त केल्या. हे सात मात्र तिचे स्वतःचे होते. समुद्रापारच्या एका मोठ्या प्रदर्शनात व्यापारी ते ठसे आणि तिलाही घेऊन जाणार होता. संध्याकाळच्या आत ते बंदरावर पोहोचले नाहीत, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. आणि अशी जागा माणसाला दरवर्षी मिळत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

आता भांडण कशावरून, ते ऐका. या कार्यशाळेत ठशांना मूठ नसे. कडांना बोटांपुरती खाच असे, त्यामुळे पाठ सपाट राही. पुढल्या अंगावर नक्षी कोरायची आणि ती नक्षी ज्याच्याकडून मिळाली त्याचे नाव पाठीवर कोरायचे, अशी तिथली रीत होती. कोऱ्या पाठीचा ठसा वृद्धा फळीवर ठेवू देत नसे. शिष्येने रीत मोडली नव्हती. सातही ठशांच्या पाठीवर तिने सुबक अक्षरांत कोरले होते: मोबाइल.

यात थट्टा नव्हती. रंग उकळायला ठेवला की तो तयार होईपर्यंत ती रोज सकाळी मोबाइल उघडून बसे, आणि त्या वीतभर काचेत तिला सारे जग दिसे. कुठे मासेमारीच्या जुन्या दोरांनी विणलेली खुर्ची, कुठे अख्ख्या इमारतीवर रंगवलेले एका झोपलेल्या म्हातारीचे चित्र. कुण्या छायाचित्रकाराने वर्षभर फक्त मिटलेल्या छत्र्याच टिपलेल्या. आणि एकदा उंचावरून टिपलेली मिठागरे: पांढऱ्या चौकोनांतून गेलेल्या राखाडी, नाजूक, समांतर रेषा. त्या रेषा तिने बोटांनी मोठ्या करून पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या. त्याच रेषांतून तिचा पहिला ठसा जन्मला. मग नक्षी कुणाकडून मिळाली, याचे खरे उत्तरच तिने कोरले होते, नाही का?

व्यापारी आत आला. तणाव त्याच्या लगेच ध्यानात आला आणि त्याने हसून तो उडवून लावण्याचा प्रयत्न केला.

"काय आजीबाई, आज शिष्येवर रागावलात वाटतं?"

"तुझी आजी मी कधीपासून झाले? बस तिथं. पाणी हवं तर माठात आहे."

तो बसला. मनगटावरचे घड्याळ त्याने दोनदा पाहिले.

"मी कुणाची नक्कल केलेली नाही," शिष्या आता वृद्धेकडे वळून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "लाकूड मी निवडलं. हात माझा, रेघ माझी. चित्र फक्त पाहिलं. पाहणं हा काय गुन्हा झाला? तुम्ही गाव सोडून कधी बाहेर गेला नाहीत, म्हणून तुम्हाला हे सोसत नाही. माझे ठसे चालले आहेत ना, ते सोसत नाही."

शिष्येचे स्वतःचेच शब्द तिच्या कानांवर आले आणि ती मनातून चरकली. पण ते मागे घ्यावेत असे तिला वाटेना.

वृद्धा उठली. पातळ पांढऱ्या मलमलीचा लांब तुकडा तिने फळ्यांच्या मेजावर अंथरला. फळीवरून आपले जुने ठसे एकेक करून काढले, पालथे केले, आणि निळीच्या रंगात भिजलेल्या गादीवर त्यांची पाठ दाबली. मग नक्षीची बाजू वर ठेवून तिने पाठीच कापडावर उठवायला सुरुवात केली. मुठीने एक ठोका, आणि पुढचा ठसा.

"बाई, हे काय चाललंय?" शिष्या पुढे धावली. पाठीला रंग लागलेला ठसा पुन्हा स्वच्छ होत नाही, तिथले लाकूड घासलेले नसते, हे तिला वृद्धेनेच शिकवले होते. चाळीस-पन्नास वर्षांचे ठसे असे डागाळताना तिला बघवेना.

"हात लावू नकोस," वृद्धा म्हणाली.

व्यापाऱ्याने शिष्येकडे पाहून भुवया उंचावल्या. म्हातारीचे डोके फिरले की काय, असा तो प्रश्न होता. शिष्येने नजर वळवली.

जुने ठसे संपल्यावर वृद्धेने शिष्येचे सात ठसे ओढले. त्यांनाही तिने तशीच वागणूक दिली: पाठ गादीवर, पाठ कापडावर, एक ठोका. मग तिने मलमल उचलली आणि दाराच्या चौकटीत खिळ्यांना टांगली. उन्हामुळे कापड उजळले. खोदीव अक्षरे उलटी उमटली होती, ती पलीकडून सुलटी दिसत होती. "बाहेर जा दोघंही," ती म्हणाली, "आणि वाचा."

निळ्या चौकोनांत पांढरी अक्षरे होती. दगडू सुतार. काशी कुंभारीण. गुलाबभाई छिपा. एका चौकोनात बारीक अक्षरांची दाटी होती: नाव ठाऊक नाही, पिवळ्या लुगड्यातली बाई, मंगळवारचा बाजार. अशी ओळीने माणसेच माणसे. आणि त्यांच्या शेवटी: मोबाइल, मोबाइल, मोबाइल, मोबाइल, मोबाइल, मोबाइल, मोबाइल.

व्यापाऱ्याला हसू आले. शिष्येला आले नाही.

कापडाआडून वृद्धेचा आवाज आला. "दगडू सुतारानं मला काही शिकवलं नाही. त्याच्या खिडकीशी उभी राहून मी त्याचा हात बघायची. बाईमाणसानं कोरायची पटाशी धरू नये म्हणून त्यानं मला दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा अंगावर घाण पाणी ओतलं. तरी माझ्या पहिल्या ठशाच्या पाठीवर नाव त्याचंच आहे, कारण ती वेलबुट्टी आधी त्याच्या डोळ्यांत होती. पिवळ्या लुगड्यातली बाई मला पुन्हा कधी दिसली नाही. पण टोपली उतरवताना तिच्या लुगड्याच्या काठाची दुमड कशी पडली, ते मी आजही काढून दाखवीन. तुझ्या त्या मिठाच्या चित्राचं मला सांग. ते काढणारं माणूस कशावर उभं होतं? त्या रेषा कशाच्या होत्या?"

रेषा कशाच्या, हा प्रश्न शिष्येला आजवर पडलाच नव्हता.

"तू जग बघतेस त्याचा मला राग नाही. खरं सांगू? हेवा वाटतो. एका देवळाचं दार बघायला मी दोन दिवस चालत गेले होते. तुला चहा निवायच्या आत शंभर दारं दिसतात. बघ, खुशाल बघ. पण त्या दारांमागे कुणी राहतं, याचा तुला विसर पडला आहे. खिडकीतून दिसलेल्या माणसाला तू खिडकी म्हणून हाक मारते आहेस."

व्यापारी कापड बाजूला सारून आत आला. "आजीबाई, तुमचं म्हणणं थोर आहे. पण आता सारं जग म्हणजे एक गाव झालंय. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे. विचारतो कोण?"

"गाव झालंय ना? मग गावातल्या दुसऱ्याच्या घरातून न विचारता वस्तू उचलतात त्याला काय म्हणतात, ते तुझ्या आईला विचार."

त्याचा चेहरा उतरला. तो शिष्येला म्हणाला, "ताई, तुम्ही ठरवा. मला आता निघायलाच हवं."

शिष्येने आत येऊन ठसे भराभर फडक्यात गुंडाळले. "बाई, ती चित्रं सरकून गेली. हजारोंमधून आता मी कुणाला शोधू? आणि आज गेले नाही तर पुन्हा कोण नेणार आहे मला?" तिला रडू आवरत नव्हते, आणि ते वृद्धेला दिसावे असे तिला मुळीच वाटत नव्हते.

व्यापाऱ्याला वाटले, म्हातारीला थोडे गोंजारावे. खिशातून त्याने प्रदर्शनात लावायचा कागद काढला. "हे बघा, ताईंच्या नावाखाली तुमचं नाव घातलंय, मोठ्या अक्षरांत. म्हणजे तुमची शिष्या, असं. ताईंनीच हट्टानं घालायला लावलं. बाकी काही नसलं तरी चालेल, पण ही ओळ हवी, म्हणाल्या."

वृद्धेने तो कागद वाचला. सावकाश घडी घालून परत दिला. शिष्या बोचके घेऊन उंबऱ्यापाशी पोहोचली होती. वृद्धेने तिची वाट अडवली नाही, आवाजही चढवला नाही. तिने फक्त एक वाक्य उच्चारले.

ते ऐकून शिष्या जागच्या जागी थांबली. बोचके तिने उंबऱ्यावरच खाली ठेवले. गाडी रिकामी गेली आणि तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. दुसऱ्या दिवशी तिने रंधा घेऊन पहिल्या ठशाची पाठ कोरी केली आणि एकच चित्र शोधायला बसली. चौथ्या दिवशी ते सापडले. कुठल्याशा बेटावर मीठ ओढण्यात जिची हयात गेली होती, अशा एका बाईने मिठाच्या उंच ढिगावर उभी राहून ते टिपले होते. आणि त्या नाजूक समांतर रेषा म्हणजे तिच्या बहिणींनी मीठ ओढताना उमटलेले दाताळ्याचे ओरखडे होते. शिष्येने तिला पत्र लिहिले. उत्तर आले की नाही, हे आपल्याला ठाऊक नसले तरी चालेल. आपणही दिवसाकाठी कितीतरी सुंदर गोष्टी बोटाने पुढे सरकवतो. त्यातल्या एकीचा तरी धनी आपण कधी विचारला आहे का, तेवढे आठवून पाहावे.

आणि उंबऱ्यावर त्या मुलीचे पाऊल थांबवणारे वृद्धेचे वाक्य एवढेच होते: "तिकडे कुणी विचारलं, कोरायला कुठं शिकलीस, तर माझं नाव घेऊ नकोस, पटाशीकडून शिकले म्हणून सांग."