दोघांची एकच आरोळी

ठकू गवळणीला शिपायांनी भर पेठेत पकडलं, कारण दही विकताना तिनं दह्याचं नाव घेतलं होतं!

झालं होतं असं. फेरीवाल्यांच्या ओरडण्यानं चंद्रभान राजाची सकाळची झोप मोडायची. म्हणून दरबारातल्या त्र्यंबकशास्त्र्यांनी सगळ्यांसाठी एकच सभ्य आरोळी रचून दिली. ‘सुज्ञ नागरिकहो, उत्तम वस्तू आपल्या दारी आली आहे, स्वीकार व्हावा!’ कासार असो, तेली असो की कल्हईवाला, ओरडायचं ते एवढंच, असा राजाचा हुकूम सुटला. शास्त्रीबुवांची वाहवा झाली. पेठेत मात्र बांगड्या भरायला हात पुढे करावा, तर समोर केरसुण्या! चार दिवसांत लोकांनी दारं उघडणंच सोडून दिलं.

बिचाऱ्या ठकूचं दही दुपारपर्यंत आंबून जाई. घरात तिन्हीत्रिकाळ कढी चालली होती आणि म्हशींच्या पेंडीची पंचाईत झाली होती. शेवटी पाचव्या दिवशी तिच्या तोंडून निसटलंच, “कवडीऽऽचं दही! मडकं पालथं करा, पडलं तर फुकट!” धडाधड दारं उघडली. बायका भांडी घेऊन धावल्या, आणि त्यांच्यामागून शिपाई.

“इतकी सुंदर भाषा दिली, तरी तुझं आपलं तेच!” दरबारात उभ्या केलेल्या ठकूवर राजा कडाडला.

“भाषा झ्याक हाय, महाराज,” ठकू म्हणाली. “पण ती माझी न्हाई. लोकांना कळतच न्हाई कोण आलंय ते.”

“बहाणे नकोत! उद्या आम्ही देवीच्या दर्शनाला निघतोय. पालखीमागून चाल. देऊळ येईपर्यंत याच आरोळीवर आख्खी पाटी विकून दाखव. नाही जमलं, तर गाठोडं बांधून गाव सोड!”

ठकूचं डोकं मात्र जाग्यावर होतं. तिनं हळूच विचारलं, “ह्यो हुकूम रस्त्यावर वरडणाऱ्या सगळ्यांनाच न्हवं?”

“एकूण एक सगळ्यांना!”

“मग येते, महाराज.”

सकाळी पालखी निघाली. चोपदारानं छाती फुगवून महाराज येत असल्याची ललकारी द्यायला तोंड उघडलं, तोच ठकू ओरडली, “थांबा, चोपदारदादा! रस्त्यावर वरडताय न्हवं? मग हुकमाची आरोळी द्या!”

चोपदार पांढराफटक पडला. त्यानं पालखीत पाहिलं. राजाचा शब्द भर दरबारात गेलेला, आता फिरवणार कसा?

“म्हण,” राजा दातओठ खात म्हणाला.

“सुज्ञ नागरिकहो, उत्तम वस्तू आपल्या दारी आली आहे, स्वीकार व्हावा!”

एक दार उघडलं नाही. हार नाहीत, मुजरे नाहीत. एका दाराआडून आवाज आला, “आज काही नको हो, पुढं जा!”

चोपदारानं पुन्हा तेच म्हटलं. पलीकडच्या घरातून एक म्हातारी कडाडली, “उत्तम वस्तू म्हणे! परवा असंच सांगून किडकी वांगी गळ्यात मारलीत! व्हा चालते!”

शास्त्रीबुवा भोयांच्या आड चालू लागले.

देवळापाशी राजा उतरला तो लालबुंद होऊन. ठकूच्या पाटीतली दह्याची कवडीही हलली नव्हती.

“देऊळ आलं, ठकू! बांध गाठोडं!”

ठकूनं पाटी खाली ठेवली आणि पदर सावरला.

“बांधते की, महाराज! पण एकाचं बांधू का दोघांचं? ह्याच आरोळीवर तुम्हालाबी आख्ख्या पेठेत कुणी घेतलं न्हाई!”

राजाच्या मिशा थरथरल्या आणि तो असा खदाखदा हसला, की मंदील एका कानावर आला!

त्यानं हातातलं सोन्याचं कडं ठकूला दिलं, पाटीतलं दही भोयांना वाटायला लावलं आणि हुकूम तिथल्या तिथे रद्द केला. शास्त्रीबुवा काहीतरी उत्तम बोलणार होते, पण राजानं हात वर केला.

“तुम्ही गप्प राहा, बुवा. आणि परतताना ही पालखीच्या पुढं चालेल. हिच्या आवाजाला निदान दारं तरी उघडतात!”