सशिणीची कबुली

फार मागं, रानातही खटले चालायचे तेव्हाची ही गोष्ट. अस्वलराजाची मोहफुलं चोरीला गेली. संशयावरून रानडुक्कर आणि सशीण, दोघांनाही खड्ड्यात टाकलं.

"निकाल लागेपर्यंत टोपलीभर मोहफुलं तारण ठेवा नि घरी जा," राजा म्हणाला.

डुकरानं टोपली ठेवली नि ते डुलत गेलं. सशिणीकडं पाकळीसुद्धा नव्हती.

गरिबांची बाजू मांडणारी टिटवी आली. "बाई, तू निर्दोष आहेस. पावसाळा सरला की निकाल लागेल, सुटशील."

"आणि चोरी कबूल केली तर?"

"तर कान कापून आजच सोडतील. पण तू चोरी केलीच नाहीस ना!"

"पिल्लं गवतात उपाशी पडलीत गं, ताई. सांग राजाला, मीच चोर."

टिटवी राजाकडं उडाली, सशिणीची खोटी कबुली सांगायला.