गुरुजींनी पट्टी उतरवली

एकदा एका गावातल्या ख्रिस्ती मंडळीने आपले उपासनामंदिर स्वतःच्या हातांनी बांधले. दगड त्यांनीच फोडले, भिंती त्यांनीच रचल्या. समर्पणाच्या दिवशी बिशपसाहेब येणार होते आणि पहिले स्तुतिगीत गाण्याचा मान सुवार्ताला मिळाला होता.

सुवार्ता ही देवदान गुरुजींची शिष्या. गुरुजींनी उभी हयात मंडळीच्या पेटीवर घालवलेली. असा गळा आपल्याला दुसरा शिकवायला मिळाला नाही, हे ते चारचौघांत कौतुकाने सांगत. सुवार्तालाही आपल्या गळ्याचा अभिमान होता. गीतासाठी तिने उंच पट्टी मागितली. गुरुजींनी पेटीवर ती धरली.

मंदिर खचाखच भरले होते. सुवार्ताचा पहिला स्वर लागला आणि लोक श्वास रोखून ऐकू लागले. कोणी कुजबुजेना, कोणी हलेना. पहिले कडवे संपले.

इतक्यात गुरुजींनी पेटी थांबवली. मग त्यांनी कितीतरी खालच्या पट्टीत तेच ध्रुवपद पुन्हा सुरू केले.

सुवार्ताची कानशिले तापली. एवढ्या लोकांसमोर हा अपमान! या पट्टीत तिचा आवाज खुलत नव्हता. कोणीही म्हणावे असे ते गाणे होऊन बसले होते. रडू दाबत ती गाऊ लागली.

आणि खरोखरच जो तो म्हणू लागला. आधी पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या, मग मधल्या रांगा. एवढ्यात दाराजवळून एक घोगरा आवाज आला. तो याकोब गवंड्याचा होता. मंदिराच्या भिंती उभ्या राहत असतानाच त्याची बायको वारली होती. त्याने हातातली थापी खाली ठेवली नाही, पण प्रार्थनेला तेव्हापासून तोंडही उघडले नव्हते. पाळकसाहेब कितीदा घरी जाऊन बसले, तरी तो गप्पच. आज तो भिंतीला हात टेकून उभा होता, डोळ्यांना धार लागली होती आणि तो गात होता. त्याचा सूर ढळला की शेजारचे आपला आवाज वाढवून त्याला सावरून घेत. शेवटच्या कडव्याला सुवार्ताला स्वतःचा आवाज वेगळा ऐकूच येईना. तिच्या अंगावर शहारा आला. राग कुठे गेला, तिला कळले नाही.

उपासना संपल्यावर ती गुरुजींजवळ गेली. "गुरुजी, माझं काही चुकलं का?"

"नाही पोरी. तू गायलीस तेव्हा माझा ऊर भरून आला," गुरुजी म्हणाले. "पण मला समोर याकोब दिसत होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज मात्र फुटत नव्हता. तुझ्या पट्टीला त्याचा गळा पोचत नव्हता गं. दुःखात माणसाला देवाशी बोलायला शब्द सुचत नाहीत. गीतात शब्द तयार असतात, चाल तयार असते. त्यानं आपला आवाज त्यात मिसळला की झाली त्याची प्रार्थना. उपासनेत संगीत असतं ते एवढ्यासाठी. देवानं तुला एवढा गळा दिलाय, तो इतरांची वाचा उघडायला दिलाय. आज तू ती उघडलीस."

पेटीवर कापड घालून सुवार्ता त्यांच्याबरोबर बाहेर आली.

अंगणात पंगत बसली होती. जेवता जेवता बिशपसाहेबांनी तिला विचारले, "फार ठिकाणी उपासनेला गेलो, पण असं गाणं ऐकलं नव्हतं. तुमच्या गायनमंडळात कोण कोण आहे?"

सुवार्ताने पंगतीवरून नजर फिरवली आणि ताठ मानेने म्हणाली, "आमची अख्खी मंडळी, साहेब. ते पलीकडे याकोबदादा जेवताहेत ना, तेसुद्धा."