दादांची सीट

नोकरीच्या गावी माझ्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. लेकीला, जुईला, पाळणाघरात सोडून शाळेत शिकवायला जायचं, तर सायकल हवीच होती. नवरा सहा-सहा महिने बोटीवर, म्हणून मोठे दीर, श्रीनिवासदादा, आम्हाला गाडीनं पोचवणार होते.

दादांनी टेप लावून गाडी मोजली आणि जाहीर केलं, "सायकल मावत नाही."

मी चाकं काढली, मागची सीट पाडली. तरी सायकलचा सांगाडा दादांच्या सीटला टेकत होता आणि मागचं दार लागत नव्हतं. माझंच काहीतरी चुकत असणार, असं मला सवयीनं वाटलं. मग दिसलं, की दादांनी स्वतःची सीट पार मागे घेऊन ठेवली होती.

"दादा, तुमची सीट थोडी पुढं घेतली तर?"

"मला पाय पसरून गाडी चालवायची सवय आहे. हवं तर सायकल तुझ्या जागेवर ठेवू. ठरव मैथिली, तू येणार की सायकल?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. मी जुईला कडेवर घेतलं.

"सायकलच न्या, दादा. तिला एकटीनं येता येणार नाही. मी जुईला घेऊन एसटीनं येते. एकटीनं सगळं करायची मला सवय आहे."

सासूबाईंनी दादांकडे नुसतं पाहिलं. सीट कटकट करत पुढं सरकली आणि दार लागलं.

वाटभर दादांचे गुडघे स्टिअरिंगला घासत होते. घाट उतरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "एकटीनं सगळं करायची ही सवय कधीपासून?"