हर्डीकरांचा जळफळाट
हर्डीकर आणि मृदुला खाडे पाटबंधारे खात्यात एकाच दिवशी रुजू झाले. हर्डीकर खात्यातच मुरले. मृदुलाबाई मात्र दिल्लीला गेल्या, देशोदेशींच्या नद्यांचे तंटे मिटवू लागल्या. पेपरात त्यांचा फोटो आला की हर्डीकरांना चहा कडू लागे. त्यात बाईंच्या सत्काराचं अध्यक्षपद नेमकं त्यांच्याच गळ्यात पडलं. माईक हाती येताच त्यांनी डाव साधला.

"बाई मोठ्या जलतज्ज्ञ खऱ्या, पण सगळी हयात एसीतल्या परिषदांत गेली. यांना कधी कुणी पाण्यात पाहिलंय का?"

मृदुलाबाई हसत उठल्या.

"इतरांचं ठाऊक नाही, हर्डीकरसाहेब, पण तुम्ही तर मला पहिल्या दिवसापासून पाण्यातच पाहताय!"

हशा थांबेना. हर्डीकरांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, तर त्यातही बाईच दिसल्या.